एकोणतीस तारीख

आमच्या पडद्यावर लालवाणी एजन्सी
एक पिवळा ठिपका होती.
लाल नाही अजून.
विजयनगरच्या सातव्या मजल्यावरून
सियागंज मला असाच दिसतो: ठिपके,
आणि प्रत्येकाखाली मोजलेले दिवस.

मार्चमध्ये त्यांचे पैसे चार दिवस उशिरा आले.
मॉडेलने लगेच गुण कापले.
मॉडेल शिकलं गुरुग्रामला,
त्याला कुणी सांगितलं नव्हतं
की रंगपंचमीला इंदुरात गेर निघते
आणि पुढचे दोन-तीन दिवस
वसुलीला गेलेला पोरगा
गुलाबी कानांनी, रिकाम्या हाताने परत येतो.
मी शेऱ्यात हे लिहिलं.
रकान्यात अक्षरं मोजकीच मावतात.
गेर राहिली, कान कापले गेले.

पण खरी काळजी उशिराची नव्हती.
बिलं पाहिली. पंचवीस तारखेपर्यंत सामसूम,
मग एकोणतीस, तीस: सरळ भिंत.
महिन्याभराची बिस्किटं दोन दिवसांत.
माझे वडील रसायनशास्त्र शिकवायचे,
दुकानदारी आमच्या घरात कुणी केली नाही,
तरी एवढं कळतं,
भूक काही तारीख बघून लागत नाही.

गेले मग. स्कूटर शास्त्री पुलाजवळ लावली,
हातगाड्यांमधून, मिरचीने शिंकत.
होतचंद लालवाणींनी आधी खुर्ची पुसली,
मग गोदामाचं कुलूप काढलं.
छतापर्यंत खोकी,
मधे माणसाला आडवं चालता येईल एवढी फट.
एक खोकं उलटून तारीख पाहिली: चौदा आठवडे उरलेले.
दुसरं: पाच.

"ताई, माल उनका, महीना उनका,
उधारी अकेली हमारी."
तक्रार नव्हती. धण्याचा भाव सांगावा तसं सांगितलं.
एरिया मॅनेजर एकोणतीसला फोन करतो,
टार्गेटला एवढे कमी पडतायत, उचला.
नाही म्हटलं तर एजन्सी शेजारच्या गल्लीत जाते.
हो म्हटलं तर आमचं ॲप
अकरा सेकंदांत कंपनीला पैसे देतं
आणि पंचेचाळीस दिवस ह्यांच्या नावावर चढतात.
अकरा सेकंद.
आम्ही ते जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहितो.

परत येऊन मी नियम लिहिला:
महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांतली बिलं
नेहमीच्या विक्रीच्या सव्वापटीवर गेली, की थांबव.
मर्यादा आठ लाखांवरून पाच.
कळवताना आवाज कोरडा ठेवला.
ते गप्प राहिले. मग म्हणाले, "ठीक."
त्या ठीकमध्ये काय होतं ते कळेना.

कळलं एप्रिलच्या एकोणतीसला.
नव्या करारावर शिक्का घ्यायला मी तिथेच बसले होते.
फोन वाजला. त्यांनी तो कानापासून जरा लांब धरला.
"साहब, मैं तो तैयार बैठा हूँ.
मशीन मना कर रही है."
चेहरा असा, की जवळचं कुणी आजारी असावं.
फोन ठेवला. पोराला शिकंजी आणायला पिटाळलं,
दोन ग्लास, मलई जास्त.
तीस वर्षं जो शब्द त्यांना परवडला नव्हता
तो आता त्यांना
फुकट मिळाला होता, दुसऱ्याच्या आवाजात.

कविता इथे थांबवता आली असती.
पण नियम एका माणसापुरता लिहिता येत नाही.
देवासच्या एका खात्यावर
तोच नियम, तीच तारीख, तोच नकार.
तिथल्या फोनवर कोण काय बोललं, माहीत नाही.
त्या गोदामात मी गेले नव्हते.
मे महिन्यात तिथली एजन्सी दुसऱ्या नावावर झाली.
पडद्यावर थकबाकी शून्य, धोका शून्य,
ठिपका करडा.
तिमाही अहवालात
असे ठिपके आम्ही यशात धरतो.